पाऊस लागला की सर्व्हर रखडतो: डिस्क बदलण्याआधी जोडण्या बघा

जुन्या डेस्कटॉपमध्ये तीन-चार हार्ड डिस्क घालून घरीच उभा केलेला फाइल सर्व्हर किनारपट्टीवर एक ठरलेलं दुखणं घेऊन येतो. मे महिन्यापर्यंत मोठी व्हिडिओ फाइल सेकंदाला ११० एमबीने जाते. मृग लागला, चार दिवस झड बसली, की तोच सर्व्हर रखडायला लागतो. कॉपी सुरू होते, पट्टी निम्म्यापर्यंत जाते, वेग एकदम शून्यावर, अर्धा मिनिट काहीच नाही, मग पुन्हा धावते. फोल्डर उघडायला गेलं की गोल चक्र फिरत राहतं. ऑक्टोबरात ऊन पडलं की सगळं सुरळीत.

मालवणात दांडीच्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आमच्या भावोजींचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचं सगळं चित्रीकरण अशाच एका सर्व्हरवर असतं: ४ टीबीच्या चार डिस्क, डेबियन ही लिनक्स प्रणाली, आणि सॉफ्टवेअर रेड ५ (RAID), म्हणजे चारही डिस्क मिळून एक आणि त्यांतली एक गेली तरी डेटा शाबूत. त्यांचं म्हणणं, "पावसात ह्या असाच करता रे, दसऱ्याक आपसूक सुधारता." निदान करणाऱ्याला याहून मोलाची माहिती कुठल्याही लॉगमध्ये मिळत नाही. मरायला टेकलेली डिस्क ऋतू बघून बरी होत नाही, ती बिघडतच जाते. दसऱ्याला जे सुधारतं ते डिस्कच्या बाहेरचं असतं: साटा केबल (डिस्क मदरबोर्डशी जोडणारी डेटाची तार), पॉवरची पिन, नेटवर्कचा खटका, म्हणजे तार खोचायचा पोर्ट.

तरी बहुतेक ठिकाणी पहिला बळी डिस्कचाच जातो. आणि गंमत अशी की डिस्क बदलल्यावर दुखणं जातंही. जुनी डिस्क काढताना केबल उपसली जाते, नवीला लावताना पिना एकमेकींवर घासून स्वच्छ होतात आणि श्रेय नव्या डिस्कला मिळतं. पुढच्या पावसात पुन्हा तेच.

काहीही उघडण्याआधी महत्त्वाच्या फाइलींची दुसरीकडे एक प्रत काढून ठेवा. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. केबल हलवताना दोन डिस्क एकदम दिसेनाशा झाल्या तर रेड ५ जागच्या जागी थांबतं.

आधी आकडा वाचा

मशीन उघडण्याची घाई नको. कॉपीचा वेग नेमका किती आणि कसा पडतो, यावरूनच अर्धं निदान होतं.

वेग ११-१२ एमबीवर येऊन तिथेच ठाम बसला असेल, ना वर ना खाली, तर डिस्कला हातही लावू नका. हा १०० एमबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटच्या, नेटवर्कचा वेग आहे (आठ बिटांचा एक बाइट). गिगाबिट जोडणीला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. एका पिनेवर हिरवट थर आला की स्विच आणि सर्व्हर आपसात ठरवून खालच्या वेगावर येतात, आणि कुणाला कळवत नाहीत. सर्व्हरवर ईथटूल (ethtool) ही आज्ञा चालवून स्पीडची ओळ बघा. १००० च्या जागी १०० दिसलं की केबलची दोन्ही टोकं कापून नवे आरजे-४५ प्लग लावा आणि स्विचचा दुसरा खटका वापरून बघा. भिंतीतला सॉकेट असेल तर तोही उघडा. चिऱ्याच्या भिंतीला ओल आली की आतल्या पिना पहिल्या जातात.

३० ते ४० एमबीवर अडकलं असेल तर कुठलीतरी डिस्क यूएसबी २.० च्या खटक्यात आहे. निळा खटका शोधा, विषय संपला.

हजारो छोटे फोटो कॉपी करताना वेग पडतो आणि एकच मोठी फाइल मात्र झरझर जाते, तर तो दोष नाही. प्रत्येक फाइल उघडणं, नाव नोंदवणं, बंद करणं यात वेळ जातो आणि हार्ड डिस्कचा काटा, म्हणजे वाचणारं-लिहिणारं टोक, नाचत राहतो. गणपतीत चाकरमानी आले की प्रत्येकाचा फोन सर्व्हरवर रिकामा होतो आणि तेव्हा हमखास ही तक्रार येते. दुर्लक्ष करा.

थांबत-थांबत चालणारा वेग मात्र गंभीर. मधे-मधे पूर्ण शून्य, मग पूर्ण वेग, मग शून्य. पावसाळी दुखण्याची हीच खूण.

आकडा घेताना एक सापळा सांभाळा. डीडी (dd) या आज्ञेने १ जीबीची फाइल लिहून वेग मोजला तर कित्येकदा सेकंदाला जीबीपेक्षा जास्त उत्तर येतं. फिरत्या डिस्कला ते शक्यच नाही, ती फाइल रॅममध्ये जाऊन बसलेली असते. रॅमच्या दुप्पट मोठी फाइल घ्या, नाहीतर कॅशे टाळणारा डायरेक्ट पर्याय वापरा. नेटवर्क वेगळं मोजायला आयपर्फ-३ (iperf3) ही आज्ञा आहे. चांगल्या गिगाबिटवर ते साधारण ९४० एमबीपीएस दाखवतं. तेवढं आलं म्हणजे नेटवर्क निर्दोष, आता सर्व्हरकडे वळा.

चारांतली कोणती

सर्व्हरवरच मोठी कॉपी लावा आणि दुसऱ्या खिडकीत आयओस्टॅट (iostat) ही डिस्कची हालचाल दाखवणारी आज्ञा एक्स पर्यायासह, दर सेकंदाला, चालू ठेवा. बघायचे स्तंभ दोन: प्रतीक्षेचा, म्हणजे अवेट, आणि वापराच्या टक्क्यांचा. ७२०० आरपीएमच्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत होते, त्यात काटा हलण्याचा वेळ धरला तर दहा-वीस मिलिसेकंद अवेट अगदी नेहमीचा. चार डिस्कपैकी तिघींचा अवेट पंधराच्या आसपास आणि एकीचा शेकड्यांत किंवा हजारांत, असं दिसलं की चोर सापडला. रेड ५ मध्ये मोठी फाइल चारही डिस्कवर पसरून लिहिली जाते, त्यामुळे सगळा कारभार सर्वांत संथ डिस्कच्या चालीने चालतो. बाकीच्या तिघी वाट बघत बसतात.

डिस्कचं नाव कळलं, तरी दोषी ती की तिची केबल हे अजून ठरायचंय. त्यासाठी स्मार्टसीटीएल (smartctl) या आज्ञेने त्या डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेली माहिती काढा आणि पाचच ओळी वाचा. बाकीच्या ओळी लोकांना उगाच घाबरवतात.

५ क्रमांकाची ओळ म्हणजे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे). १९७ म्हणजे वाचता न आलेले, निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर. १९८ म्हणजे तपासणीत दुरुस्त न झालेले. या तिन्हींपैकी काही वाढत असेल तर दोष खरोखर डिस्कच्या पोटात आहे. पुसापुशी करत बसू नका, डिस्क बदला.

१९९ म्हणजे यूडीएमए सीआरसी एरर काउंट. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये तारेवरून जाताना डेटा खराब झाला आणि पुन्हा पाठवावा लागला, त्याची ही मोजणी. तबकडीशी तिचा संबंध नाही, दोष वाटेतला. मात्र हा आकडा कधीच खाली येत नाही. केबल बदलली तरी जुनी बेरीज तशीच राहते. म्हणून आकडा किती मोठा आहे याला महत्त्व नाही, तो वाढतोय का हेच बघायचं. आज लिहून ठेवा, एक मोठी कॉपी करा, पुन्हा बघा.

पाचवी ओळ १९२ किंवा १२, दोन्हींपैकी जी तुमच्या डिस्कवर दिसेल ती. सर्व्हर बंद-चालू झालेला नसताना इथला आकडा वाढला, तर डिस्कची वीज मधेच तुटते आहे. म्हणजे डेटाची केबल नव्हे, पॉवरची पिन. फार कमी लोक हे तपासतात, आणि डेटा केबल बदलून-बदलून दमतात.

आता डीमेसेज (dmesg), म्हणजे लिनक्सने ठेवलेली घडामोडींची नोंद, उघडा. केबलचा दोष असेल तर तिथे 'हार्ड रिसेटिंग लिंक' अशा ओळी ओळीने दिसतील, आणि त्यांच्याखाली 'लिमिटिंग साटा लिंक स्पीड टू ३.० जीबीपीएस'. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, चुका बघून ६ वरून ३ वर आणि तिथूनही १.५ वर उतरतो. प्रत्यक्षात १.५ जीबीपीएस म्हणजे सेकंदाला १५० एमबी, एका फिरत्या डिस्कला तेवढं जवळजवळ पुरतं. त्यामुळे वेग उतरल्याने होणारं नुकसान थोडं असतं. अर्धा मिनिट जातं ते लिंक रिसेट होण्यात, कारण डिस्क उत्तर देत नाही असं मानायला लिनक्स ३० सेकंद थांबतो.

भावोजींच्या सर्व्हरवर चित्र अगदी पुस्तकातल्यासारखं होतं. ५, १९७, १९८ तिन्ही शून्य. १९९ चार अंकी, आणि एकाच कॉपीत वाढलेला. त्यांनी नव्या डिस्कची किंमतही विचारून ठेवली होती.

पावसातच का

नुसती ओल तांब्यापितळेला एवढ्या लवकर खात नाही. तिला मीठ लागतं. उन्हाळाभर दुपारचा खारा वारा बारीक मीठ घेऊन घरात येतो. खिडकीचे गज, पंख्याची पाती, स्टेनलेसचे नळसुद्धा ठिपके धरतात, तर सर्व्हरचा पंखा दिवसभर ती हवा आत ओढत असतो हे विसरायला नको. मीठ कोरडं असेतो पिनांवर निवांत बसून राहतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मात्र ते स्वतःच पाणी ओढून विरघळतं आणि वीज वाहून नेणारा पातळ थर तयार होतो. पावसाळ्यात किनाऱ्यावर आर्द्रता ८०-९० टक्के म्हणजे रोजचीच. साटाच्या पिनांवर सोन्याचा मुलामा असतो, पण अतिशय पातळ. त्यात सूक्ष्म छिद्रं असतात, पंख्याच्या थरथरीने ओरखडेही पडतात, आणि खालचा धातू तिथून गंजतो. ऑक्टोबरात पाणी उडतं, संपर्क पुन्हा बरा होतो. दसऱ्याला सुधारतं ते असं.

यातून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते. पावसाळ्यात वीज कडाडते म्हणून पुष्कळजण सर्व्हर बंद करून ठेवतात आणि लागेल तेव्हाच चालू करतात. पण चालू मशीनच्या आत बाहेरच्यापेक्षा चार-पाच अंश जास्त ऊब असते. बाहेर ३० अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा आत ३५ अंशांवर आली की तिची आर्द्रता साधारण ६८ टक्क्यांवर येते, म्हणजे मिठाच्या त्या रेषेखाली. बंद मशीनला हे संरक्षण नाही. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमची क्षारंही असतात आणि ती त्याहून कोरड्या हवेतही पाणी धरतात, त्यामुळे हा काही पक्का इलाज नव्हे. तरी माझं मत स्पष्ट आहे: विजांचा धोका असेल तेवढ्या वेळापुरता प्लग आणि नेटवर्कची तार काढा, एरवी पावसाळाभर सर्व्हर चालूच ठेवा.

काय करायचं

साटा केबल पुसायच्या भानगडीत पडू नका. आतल्या पिनेपर्यंत ब्रश पोचत नाही आणि नवी केबल डिस्कच्या मानाने फुकट म्हणावी इतकी स्वस्त आहे. घेताना धातूची चाप असलेली घ्या. बिनचापाची केबल पंख्याच्या थरथरीने केसभर सरकते, आणि बिघाडाला तेवढं पुरतं.

डिस्कच्या बाजूच्या पिना आणि मदरबोर्डवरचे खटके मात्र स्वच्छ करावेच लागतात. मशीन बंद, प्लग काढलेला. आयसोप्रोपिल अल्कोहोल, शक्यतो ९९ टक्क्यांचं, मऊ ब्रशवर घेऊन हलक्या हाताने. औषधाच्या दुकानातलं पातळ स्पिरिट नको, त्यात पाणी असतं. रॅमला खोडरबर घासण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे, ती इथे वापरू नका. पॉलिशपेपर तर नाहीच नाही. सोन्याचा थर गेला की पुढचा पाऊस त्या पिनेला शेवटचा. पूर्ण सुकू द्या, नवी केबल लावा, दोन-तीनदा काढ-घाल करा आणि मग घट्ट बसवा.

डिस्कच्या वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं, शेजारी 'झाकू नका' अशा अर्थाचा मजकूर. आत ओल जाईल म्हणून त्यावर टेप लावणारे महाभाग मी पाहिलेत. ते भोक हवेचा दाब सारखा राखण्यासाठी असतं, आत गाळणी असते. उघडं राहू द्या. हेलियम भरलेल्या डिस्कला ते नसतंच.

पॉवरची पिन दोषी निघाली तर आधी बघा की पॉवर सप्लायच्या जुन्या मोलेक्स प्लगवरून साटा काढणारा जोड वापरलाय का. साच्यात ओतलेले स्वस्त जोड आतल्या आत जळतात, प्लॅस्टिक तपकिरी झालेलं असतं. असा जोड दिसला की फेकून द्या, डिस्क थेट पॉवर सप्लायच्या वायरीवर घ्या. चारही डिस्क एकाच वायरीवर ओळीने लटकवलेल्या असतील तर दोन-दोन करून वेगळ्या करा. सुरू होताना प्रत्येक डिस्क १२ व्होल्टवर दोनेक अँपिअर ओढते.

कॅबिनेट जमिनीवरून उचला, खिडकीसमोर नको, पडवीत तर मुळीच नको. हवा आत येते तिथे जाळी लावा. मिठासाठी नव्हे, ते बारीक असतं. पण पाल आणि मुंग्या थांबतात. पॉवर सप्लायमध्ये पाल भाजून निघाली की रात्री सगळ्या वाडीची लाईट शाबूत आणि तुमचा सर्व्हर तेवढा बंद.

आणि हे सगळं आगोटीच्या कामांत धरा. कौलं चाळून होतात, लाकडं-शेणी आत येतात, तेव्हाच मे अखेरीस सर्व्हर उघडून मीठ झटकून घ्यायचं. पिना ओल्या होण्याआधी साफ केलेल्या बऱ्या, ओल आल्यावर अर्धं काम गंजाने आधीच उरकलेलं असतं.

पावसाशी संबंध नसलेले दोघे

वर्षभर कधीही वेग पडत असेल तर संशयित वेगळे.

पहिला एसएमआर पद्धतीची डिस्क. तिच्यावरचे ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. खालचं कौल बदलायचं तर वरची ओळ उचलावी लागते, तसं एक ट्रॅक लिहायचा तर शेजारचे पुन्हा लिहावे लागतात. सुरुवातीचे काही जीबी डिस्क वेगळ्या राखीव भागात पटकन उतरवून घेते, तो भरला की वेग घसरतो आणि घसरलेलाच राहतो. लक्षण ओळखू येतं: थांबत-थांबत नव्हे, तर आधी मस्त, मग सलग रडतखडत, आणि रात्रभर मोकळी सोडली की सकाळी पुन्हा मस्त. १९९ स्थिर. एप्रिल २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने मान्य केलं की त्यांच्या 'रेड' (Red) नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क या पद्धतीच्या आहेत. नंतर सीएमआर डिस्कसाठी, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवलेल्या डिस्कसाठी, 'रेड प्लस' हे वेगळं नाव आलं. खरेदीच्या वेळी नावावर न जाता मॉडेल क्रमांक कंपनीच्या तक्त्यात शोधा आणि सीएमआर लिहिलेलं असेल तरच रेडमध्ये घाला. अडीच इंची पोर्टेबल डिस्क फोडून वापरायचा मोह टाळा, त्या बहुतेक एसएमआरच निघतात. हाताशी असलेली एसएमआर डिस्क फेकायची गरज नाही. जुन्या लग्नांचं चित्रीकरण एकदा लिहून कपाटात ठेवायला ती उत्तम.

दुसरा संशयित कॅलेंडर. "महिन्यातून एकदा रविवारी मंद होतो" अशी तक्रार असेल तर डेबियन आपलं काम करतोय. सॉफ्टवेअर रेडची तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर सुरू होते, झेडएफएस ही दुसरी साठवण-पद्धत असेल तर तिची तपासणी (स्क्रब) दुसऱ्या रविवारी. मोठ्या डिस्कवर ती दुपारपर्यंत लांबते. लाईट जाऊन सर्व्हर धाडकन बंद पडला असेल तर पुन्हा चालू झाल्यावरही अशीच फेरी चालते. एमडीस्टॅट ही फाइल वाचली की किती टक्के झालं ते दिसतं. मधे तोडू नका. लग्नसराईत रविवारीच काम असेल तर वेळापत्रक मंगळवारवर ढकला, पण बंद करू नका. वाचता न येणारे सेक्टर वेळेत सापडतात ते या तपासणीमुळेच.

झेडएफएस वापरणाऱ्यांनी जागाही बघावी. पूल, म्हणजे डिस्कांची मिळून झालेली जागा, ८० टक्क्यांच्या वर भरला की मोकळे तुकडे शोधण्यात वेळ जाऊ लागतो. मे महिन्यातल्या उकाड्यात मंदावणारी गोष्ट मात्र फिरती डिस्क नसते. एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवाली डिस्क, तापली की ती स्वतःहून वेग उतरवते. तिच्यावर धातूची पट्टी बसवा.

दुरुस्ती झाल्यावर १९९ चा आकडा चारही डिस्कचा, तारखेसकट, कॅबिनेटच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून लिहा. भर पावसात, श्रावणात वगैरे, एक मोठी कॉपी करून पुन्हा ताडून बघा. आकडा जागचा हलला नसेल तर जोडणी बसली. हलला असेल आणि केबल, पिना, पॉवर सगळं बदलून झालेलं असेल, तर ती डिस्क मदरबोर्डच्या दुसऱ्या खटक्यावर घ्या आणि तिथली डिस्क तिच्या जागी लावा. चूक जुन्या खटक्यावर लावलेल्या डिस्कमध्ये दिसू लागली तर मदरबोर्डचा खटका गेलाय. त्याच डिस्कमागे गेली तर तिच्या स्वतःच्या पिना गंजल्या आहेत, आणि मग नवी डिस्क घ्यायला हरकत नाही.